बोधचिन्हाचे देवनागरी रूप : ते केव्हा काढायचे, कोणी काढायचे आणि त्याचे पैसे किती?

रेषाकार (धागाकर्ता)

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांसह सगळ्याच आस्थापनांना देवनागरी लिपीतील मराठी नामफलक बंधनकारक झाला. अन्य भाषेतील नाव लावायला मुभा आहे, मात्र मराठी अक्षरे आधी यावीत आणि त्यांचा आकार दुसऱ्या कोणत्याही लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावा, असे ही दुरुस्ती सांगते. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. त्या दिवाळीच्या आगेमागे माझ्यासारख्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या ग्राफिक डिझायनरांकडे एकाच मागणीची रीघ लागली होती : लोगो तयार आहे, नाव तेवढे मराठीत टाइप करून द्या. ती रीघ ओसरली असली तरी मागणी आजही त्याच शब्दांत येते, म्हणून हा धागा.

माझे म्हणणे असे आहे की बोधचिन्हाचे देवनागरी रूप हे स्वतंत्र रेखाटन असते. ते ग्राहकाने पहिल्याच बैठकीत मागावे, डिझायनरने रोमन रूपाच्या बरोबरीने काढावे आणि देयकात त्याची वेगळी ओळ असावी. ते मागाहून चिकटवले की दोन्ही रूपांचे नुकसान होते.

याचे कारण अक्षरांच्या बांधणीत आहे. रोमन लिपीत मोठी आणि छोटी अक्षरे असतात. मोठ्या अक्षरांत लिहिलेले नाव वरखाली दोन सरळ रेषांत बसते आणि बहुतेक इंग्रजी बोधचिन्हे या सपाटपणाचा पुरेपूर फायदा घेतात. देवनागरीत असा प्रकार नाही. अक्षराचे शरीर शिरोरेषेपासून खाली लोंबते, तिच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार उभे राहतात, तर खाली उकार आणि काही जोडाक्षरांचे पाय उतरतात. ही सगळी मंडळी एकाच चौकटीत मावावीत म्हणून बहुसंख्य देवनागरी फॉन्टमध्ये अक्षराचे शरीर आखूड ठेवलेले असते. त्यामुळे दोन्ही लिपींना संगणकावर एकच आकडा दिला तरी देवनागरी शब्द शेजारच्या रोमन मोठ्या अक्षरांपेक्षा लहान दिसतो. कायदा अक्षरांच्या आकाराची भाषा करतो. तो आकार वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या शेपटीपर्यंत मोजायचा की शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत, हा प्रश्न मात्र फलक रंगवणाऱ्याच्या आणि डिझायनरच्या गळ्यात पडतो. मी स्वतः दुसरी पद्धत वापरतो : देवनागरी अक्षराचे शरीर रोमन मोठ्या अक्षराएवढे किंवा त्याहून किंचित उंच ठेवतो. म्हणजे कोणी पट्टी लावलीच तर वाद उरत नाही आणि डोळ्यांनाही दोन्ही नावे एका मानाची वाटतात.

दुसरी अडचण जाडीची. मोठ्या अक्षरांतल्या रोमन शब्दात अक्षरांमध्ये मोकळी जागा असते. देवनागरी शब्दावरून शिरोरेषा अखंड जाते, शिवाय 'क्ष', 'ज्ञ', 'द्ध' यांसारख्या अक्षरांत रेषांची दाटी होते. रोमन रूपाची जाडी जशीच्या तशी उचलली की मराठी शब्द काळा ठिपका होऊन बसतो. म्हणून उभे दंड थोडे बारीक करावे लागतात, शिरोरेषा त्याहूनही थोडी बारीक करावी लागते आणि अक्षरांच्या पोटातली मोकळी जागा हाताने उघडावी लागते. हे काम फॉन्ट बदलून होत नाही.

मग दोन्ही रूपांत समान काय ठेवायचे? रेषांची टोके गोल आहेत की कापलेली, वळणे ताणलेली आहेत की आखडलेली, अक्षरे एकमेकांना खेटून आहेत की सैल, आणि दुरून पाहताना शब्दाचा एकूण काळेपणा किती, एवढ्या गोष्टी समान राहिल्या की दोन्ही रूपे एकाच घरची वाटतात. रोमन अक्षरांचे तुकडे कापून त्यांच्यापासून मराठी अक्षरे जुळवणे हा मात्र सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग आहे. त्याचेच उलटे भावंड म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या डोक्यावर रेघ ओढून 'भारतीय' दिसणारे नाव तयार करणे. उपाहारगृहांच्या पाट्यांवर ते हमखास भेटते आणि कोणत्याच लिपीत धड वाचता येत नाही.

या क्षेत्रातल्या आणि या क्षेत्राला पैसे देणाऱ्या, अशा दोन्ही बाजूंच्या लोकांनी लिहावे, ही विनंती.

फलककार

माझे काम तुमच्या फाइलनंतर सुरू होते, त्यामुळे दुसरे टोक सांगतो. आमच्याकडे येणाऱ्या फाइलींत दोन दोष वारंवार दिसतात. पहिला असा की इलस्ट्रेटर किंवा फोटोशॉपमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय चालू केलेला नसतो. मग ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन पडते, जोडाक्षरे फुटून हलन्त दिसू लागतात आणि डिझायनर मराठी वाचणारा नसेल तर ते त्याच्या लक्षातही येत नाही. दुसरा दोष असा की फाइल कर्व्ह करून, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचे रेखाटनात रूपांतर करून, दिलेली नसते. जुन्या, युनिकोडपूर्व (युनिकोड म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरसंकेतांची पद्धत) फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आमच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की निव्वळ चिन्हांचा कचरा होऊन उघडतो. ग्राहक समोर उभा असतो आणि आम्हीच दुसऱ्या कुठल्यातरी फॉन्टमध्ये नाव टाइप करून मोकळे होतो. तुम्ही म्हणता तसे नुकसान अनेकदा इथे होते.

आता प्रत्यक्ष अक्षरांविषयी. ॲक्रिलिकची अक्षरे कापून त्यांच्या मागे एलईडी बसवायचे असतील तर इंग्रजी नावातले प्रत्येक अक्षर सुटे असते, त्यामुळे ते कापणे, वाहून नेणे आणि एसीपीच्या (ॲल्युमिनियमचे थर असलेल्या शीटच्या) पाट्यावर बसवणे सोपे जाते. मराठी शब्द शिरोरेषेमुळे एकसंध असतो. शीट साधारणपणे आठ बाय चार फुटांची मिळते. शब्द त्याहून लांब असेल तर शिरोरेषा कुठेतरी तोडावीच लागते आणि रात्री दिवे लागल्यावर तो सांधा काळ्या रेघेसारखा दिसतो. डिझायनरने हे आधी विचारले तर दोन अक्षरांच्या मध्ये शिरोरेषेत मुद्दाम बारीक खाच ठेवता येते आणि तीच शैली म्हणून खपते. अनुस्वार शिरोरेषेपासून सुटा असतो, त्याला वेगळी वायर ओढावी लागते. रेषा फार बारीक असेल तर तिच्या पोटात एलईडीचे मॉड्यूल मावत नाही, मग उजेड मागून भिंतीवर टाकावा लागतो. रोलिंग शटरच्या पेटीवरच्या पट्टीत उंची ठरलेली असते. तिथे 'हिंदुस्थान' किंवा 'श्रीकृष्ण' यांसारखे नाव आले की वरची वेलांटी आणि खालचा उकार किंवा ऋकार मिळून जागेचा मोठा हिस्सा खातात आणि अक्षराचे शरीर बारीक होते. अशा वेळी उकार अक्षराच्या बाजूला ओढून घ्यावा, मात्रा आडवी पसरवावी, असे उपाय असतात, पण ते अक्षर काढणाऱ्यालाच जमतात. मी कापू शकतो, काढू शकत नाही.

जुना_खिळा

धागाकर्त्याने शिरोरेषेबद्दल लिहिले, मी लेखणीबद्दल लिहितो. देवनागरीचा बोरू आणि रोमनची लेखणी यांचा काप उलट्या दिशांनी असतो, म्हणून रेषा जिथे जाड आणि जिथे बारीक होते त्या जागा दोन्ही लिपींत वेगवेगळ्या आहेत. रोमन अक्षरात उभी रेषा जाड आणि आडवी बारीक ही सवय डोळ्यात इतकी मुरलेली असते की नवशिके डिझायनर देवनागरीतही उभे दंड जाड आणि शिरोरेषा केसासारखी काढतात. ते चालत नाही असे नाही. मात्र शब्द लंगडा का दिसतो हे मग त्यांना कळत नाही.

मुंबईत या विषयाची परंपरा मोठी आहे. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या ठशांमुळे तिथला देवनागरी टाइप देशभर नावाजला गेला. छपाईच्या धातूच्या खिळ्यांच्या काळात जुळाऱ्यासमोर, म्हणजे खिळे जुळवणाऱ्यासमोर, अक्षरे, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे आणि काने-मात्रा मिळून शेकडो खिळे मांडलेले असत, त्यामुळे मथळ्यासाठी वेगळे अक्षर हवे असेल तर ते हाताने काढून त्याचा छपाईचा ठसा (ब्लॉक) करून घेणे हाच व्यवहार्य मार्ग होता. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली अक्षरे आठवा : नाटकाचे नाव वाचण्याआधीच त्याचा स्वभाव कळत असे आणि एका नाटकाचे अक्षर दुसऱ्याला चालत नसे. र. कृ. जोशी जाहिरात क्षेत्रातून आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात गेले आणि पुढे विंडोजसोबत येणारा मंगल हा फॉन्ट त्यांनी घडवला. म्हणजे अक्षर काढणारा माणूस आपल्याकडे नव्हता असे नाही. संगणक आल्यावर टाइप करणे फुकट झाले आणि अक्षर काढणे हे काम आहे, हेच लोकांच्या नजरेआड गेले.

एक तांत्रिक पुरवणी. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ही रूपे प्रमाण मानली. अनेक युनिकोड फॉन्टमध्ये सुरुवातीला हिंदी वळणाची रूपे दिसतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली तरच मराठी रूपे उमटतात. बोधचिन्हात हे अक्षर असेल तर पुढची अनेक वर्षे ते चुकीच्या वळणाने दारावर टांगलेले राहते. 'ॲ' हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नसते, म्हणून कोणी 'अ' वर ओढूनताणून चंद्र बसवतो तर कोणी हिंदीप्रमाणे 'ऐ' लिहून टाकतो.

काउंटरमागून

मी या व्यवसायातला नाही, माझे हार्डवेअरचे दुकान आहे. वरचे सगळे वाचून माहितीत भर पडली, परंतु स्पष्ट विचारतो. माझे गिऱ्हाईक खिळे, पाइप आणि रंगाचे डबे घ्यायला येते. शिरोरेषा बारीक आहे की जाड, हे पाहून एकाही माणसाने खरेदी कमी-जास्त केलेली मला दिसलेली नाही. फलक चौरस फुटाच्या दराने मिळतो, त्यात अक्षरे धरलेलीच असतात. असे असताना मी डिझायनरला वेगळे हजारो रुपये का द्यावेत? शिवाय स्टेट बँकेसारखी मोठी संस्था अक्षरांच्या भानगडीत न पडता एका निळ्या गोलावर ओळखली जाते, ते का नाही चालत?

रेषाकार

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की कदाचित तुम्ही देऊच नयेत. एकच दुकान, एकच फलक, नाव दुसरीकडे कुठेही छापायचे नाही, अशी स्थिती असेल तर 'मुक्ता' किंवा 'बालू' यांसारखा चांगला मुक्त परवान्याचा मराठी फॉन्ट घ्या. हे दोन्ही मुंबईच्या एक टाइप या गटाने घडवलेले आहेत, व्यावसायिक वापराला मोकळे आहेत आणि मराठी वळणाची जाण ठेवून काढलेले आहेत. फलककारासारख्या जाणत्या माणसाकडून ते नीट मांडून घेतले की काम झाले. अशा ग्राहकाला मी हेच सांगतो आणि पैसे घेत नाही. नाव जेव्हा डब्यावर, पिशवीवर, बिलावर, टेम्पोच्या दारावर आणि मोबाइलच्या पडद्यावरच्या नखाएवढ्या चौकोनात जाणार असते, दुसरी शाखा निघणार असते किंवा स्वतःच्या नावाचा माल विकायचा असतो, तेव्हा प्रत्येक ठिकाणी प्रत्येक छापणारा आपापल्या फॉन्टमध्ये नाव लिहू लागतो आणि तीन वर्षांत एकाच दुकानाची सहा रूपे बाजारात फिरतात. ती फिरू नयेत याची व्यवस्था लावणे म्हणजे ब्रँडिंग. ओळख टिकवण्याचा हा कंटाळवाणा, हिशेबी भाग त्यात सर्वांत मोठा असतो.

स्टेट बँकेचे चिन्ह १९७१ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील शेखर कामत यांनी केले आणि ते कोणत्याच लिपीचे नाही, हा त्याचा फार मोठा गुण आहे. तरीही देशभर शाखा असल्यामुळे आणि दशकानुदशके सतत डोळ्यांपुढे राहिल्यामुळे त्या गोलाला नाव चिकटले. गल्लीतल्या दुकानाला हे आपोआप मिळत नाही, आणि कायद्याला तर नावच हवे आहे. चिन्ह असेल तर उत्तमच, मात्र त्याच्या शेजारी मराठी नाव बसेल अशी जागा ठेवूनच ते काढावे.

पैशांबद्दल नव्या डिझायनरांसाठी लिहितो. तासाच्या दराने आकारणी मी करत नाही, कारण हात जितका सराईत होतो तितके काम लवकर होते आणि मिळकत घटते. चौरस फुटाने तर मुळीच नाही. कामाची मागणी लेखी घेतो, त्यात रोमन रूप, देवनागरी रूप, दोन्ही एकत्र असलेली मांडणी आणि एकरंगी रूप अशा वेगळ्या ओळी लिहितो आणि प्रत्येकीसमोर रक्कम टाकतो. ग्राहक बहुधा देवनागरीच्या ओळीवर बोट ठेवून ती 'फ्री' मागतो. ती ओळ काढली तर काय मिळणार नाही हे त्याच वेळी सांगता येते, हाच त्या ओळीचा उपयोग. निम्मी रक्कम आगाऊ, बदलांच्या दोन फेऱ्या किमतीत धरलेल्या, पुढच्या फेऱ्यांचा दर आधीच नमूद केलेला, आणि उरलेली रक्कम आल्यावरच मूळ फाइल. पाच-सहा पर्याय दाखवण्याची प्रथा मी सोडली आहे, कारण ग्राहक एकाची मात्रा आणि दुसऱ्याचा दंड जोडून मागतो आणि त्यातून निघते ते कोणाचेच नसते.

तळटीप

माझा संबंध कायद्याच्या बाजूशी आहे. मूळ फाइलचा उल्लेख आला म्हणून लिहितो, कारण दोन्ही पक्ष इथे चुकीचे गृहीत धरतात. ग्राहकाला वाटते की पैसे दिले म्हणजे रेखाटन आपले झाले. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार कलाकृतीची पहिली मालकी कर्त्याची असते. नोकरीचा भाग म्हणून केलेले काम मालकाचे होते आणि पैसे देऊन करून घेतलेले छायाचित्र, चित्र, व्यक्तिचित्र, कोरीवकाम किंवा चित्रपट हा करून घेणाऱ्याचा होतो. पण स्वतंत्र डिझायनरने काढलेले बोधचिन्ह या अपवादांत सहजासहजी बसत नाही. त्यामुळे हक्क हस्तांतरित करायचे असतील तर कलम १९ प्रमाणे सहीनिशी लेखी दस्त हवा. त्यात मुदत लिहिली नाही तर हस्तांतरण पाच वर्षांपुरते मानले जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरते. एका पानाचे पत्र पुरते, मात्र त्यात रोमन आणि देवनागरी या दोन्ही रेखाटनांचा स्वतंत्र उल्लेख हवा.

व्यापारचिन्हाचेही तसेच. चित्ररूप चिन्ह म्हणून नोंदणी केली की जे रेखाटन अर्जात लावले तेच नोंदले जाते, म्हणून देवनागरी रूप महत्त्वाचे असेल तर त्याचा वेगळा अर्ज करणे श्रेयस्कर. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांच्यासाठी माल किंवा सेवेच्या प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये आणि इतरांसाठी ९,००० रुपये शुल्क आहे; नोंदणी दहा वर्षांची असते आणि नंतर नूतनीकरण करता येते.

थकलेल्या देयकांविषयी डिझायनर फार हताश बोलतात, त्यांना एक उपाय ठाऊक असावा. एकट्याने काम करणारा डिझायनरही उद्यम या सरकारी पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करू शकतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ प्रमाणे अशा पुरवठादाराला लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागते. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदतीत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून वजा करता येत नाही. व्याजाच्या धमकीपेक्षा हे शेवटचे वाक्य ग्राहकाच्या सीएच्या कानावर घातलेले अधिक लवकर फळते. नोंदणी मात्र काम स्वीकारण्याआधीची असावी. थकबाकी झाल्यावर केलेल्या नोंदणीवर मागच्या देयकांसाठी विसंबता येत नाही.

काउंटरमागून

उत्तरे पटली, फुकट सल्ला देणाऱ्याचे विशेष आभार. आता माझी खरी अडचण सांगतो. माझ्या भावाचे मसाल्यांचे दुकान आहे, त्याचा इंग्रजी लोगो आठ-नऊ वर्षांपूर्वी एका मुलाने करून दिला. त्यात मिरचीचे चित्र आहे. लेखी काहीच नाही, तो मुलगा आता सापडत नाही आणि भावाकडे व्हॉट्सॲपवर आलेली एक धूसर प्रतिमा तेवढी उरली आहे. आता पाकिटांवर मराठी नाव घालायचे आहे. दुसऱ्या डिझायनरकडे गेलो तर तो काय करील?

रेषाकार

नाव तुमच्या भावाचे आहे, त्याने ते इतकी वर्षे व्यवसायात वापरले आहे, त्यामुळे नावाची काळजी नको. मिरचीचे रेखाटन मात्र, तळटीप यांनी लिहिल्याप्रमाणे, त्या मुलाचे असू शकते. मी ते काम घेतले तर त्या धूसर प्रतिमेवरून मिरची गिरवणार नाही. गिरवली तर हक्काचा प्रश्न तसाच राहील आणि आता त्यात माझेही नाव येईल. मराठी नाव आधी काढीन, कारण मसाल्याच्या पाकिटावर ग्राहक तेच वाचणार आहे. मग त्याच्या वळणाला जुळणारी नवी मिरची आणि नवे इंग्रजी नाव, आणि तिन्हींचे हस्तांतरण पत्र. जुन्या पाकिटांचा साठा संपेपर्यंत रंग तेच ठेवावेत, म्हणजे रोजच्या गिऱ्हाइकाला शेल्फवर शोधाशोध करावी लागणार नाही.

फलककार

आणि नाव कर्व्ह करून, एकरंगी प्रतीसह पाठवा. पाकीट छापणारा वेगळा असतो आणि फलक करणारा वेगळा, दोघांनाही तीच फाइल लागते.